नऊ इंचांचा मंच : आमच्या गावच्या लोकसंगीत उत्सवाची हकीकत

११ फेब्रुवारी २०२४ रोजी, रविवारी, दिंडोरी तालुक्यातील आमच्या गावात एक दिवसाचा लोकसंगीत उत्सव झाला. सकाळी अकरा वाजता जात्यावरच्या ओव्यांनी त्याची सुरुवात झाली आणि रात्री साडेआठ वाजता गोंधळाची दिवटी शांत केल्यावर तो संपला. त्यामागे साडेसात महिन्यांची तयारी होती. त्या काळात असे कितीतरी दिवस आले की पुढचा अर्ज कोणाकडे द्यायचा, कोणाला विचारायचे आणि पैसे कोठून आणायचे, हे आम्हा तिघा-चौघांना अजिबात सुचत नव्हते. आपल्या गावात असे काही करू पाहणाऱ्यांना तेवढे चाचपडावे लागू नये, म्हणून घडले तसे लिहून ठेवते आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, गावच्या भजनी मंडळात चाळीस वर्षे पखवाज वाजवत असत. २०२१ मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात जवळजवळ गेला आणि चालणे चार पावलांपुरते राहिले. आमच्या विठ्ठल मंदिराला अकरा पायऱ्या आहेत. २९ जून २०२३ च्या आषाढी एकादशीला मी नाशिकहून गावी गेले, तेव्हा वर भजन चालले होते आणि आबा खाली व्हीलचेअरवर, चपलांच्या ढिगाशेजारी, कर्ण्यातून येणारा आवाज ऐकत उजव्या हाताने मांडीवर ठेका धरत होते. त्यांना वर उचलून न्यायला चार मुले तयार होती, पण त्यांनी नको म्हटले. देवळात उचलून नेले की सगळे भजन सोडून माझ्याकडे बघतात, असे ते म्हणाले. सहा इंचांची एक, अशा अकरा पायऱ्या म्हणजे साडेपाच फूट उंची. तिथे नियमाने रॅम्प करायचा तर ६६ फूट लांबी लागते आणि देवळापुढे तेवढी जागाच नाही, हे मी त्याच आठवड्यात मोजून पाहिले. मग निदान वर्षातून एक दिवस तरी गाणेच खाली, सगळ्यांच्या पातळीवर आणावे, हा विचार डोक्यात बसला.

जुलै-ऑगस्ट बोलण्यातच गेले. सरपंच वहिनींना कल्पना आवडली, पण ग्रामपंचायतीचा ठराव झाल्याशिवाय पुढचे एकही कार्यालय आपल्याला उभे करणार नाही, हे त्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले, आणि ते शब्दशः खरे ठरले. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय मांडला. गावाचे बाजारतळ एक दिवसासाठी विनामूल्य द्यावे आणि ग्रामपंचायतीने सहआयोजक व्हावे, अशा दोन मागण्या होत्या. ठराव मंजूर झाला. मात्र त्याची सही-शिक्क्याची नक्कल हातात यायला १९ दिवस लागले. माझा पहिला सल्ला असा, की ठरावाच्या नकला एकदम पाच घ्याव्यात, कारण पुढे प्रत्येक ठिकाणी मूळ प्रत मागतात.

त्याच सभेत ग्रामसेवक भाऊंनी एक फार उपयोगी गोष्ट सांगितली. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो आणि अनेक गावांत तो वर्षअखेरीस कसातरी खर्ची टाकला जातो. आमच्या उत्सवातील रॅम्प आणि व्हीलचेअर आत जाईल असे शौचालय यांसाठी त्यातून २०,००० रुपये देण्याचा वेगळा ठराव नोव्हेंबरच्या मासिक सभेत झाला. हा निधी मागताना आम्ही अर्जात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चा उल्लेख केला होता. त्या कायद्यात सांस्कृतिक जीवनात सहभागी होण्याचा हक्कही लिहिलेला आहे, आणि तो दाखवल्यावर ‘करमणुकीला कशाला निधी’ हा सभेतला आक्षेप मागे पडला.

ऑक्टोबरचे उरलेले रविवार मी आणि माझा चुलतभाऊ घरोघर फिरलो. गावातील ज्यांना कार्यक्रमाला येणे अवघड जाते अशी २३ घरे आम्ही लिहून काढली होती. त्यांत आबांसारखे झटका येऊन गेलेले होते, दृष्टी गेलेल्या दोन आजी होत्या, कानाने ऐकू न येणारी तीन मुले होती, गोंगाट झाला की घाबरून कानांवर हात ठेवणारा एक नऊ वर्षांचा मुलगा होता आणि गुडघे गेल्यामुळे खाली बसू न शकणाऱ्या बायका तर पुष्कळच होत्या. आम्ही एकच प्रश्न विचारत होतो : गावच्या शेवटच्या कार्यक्रमाला तुम्ही का आला नाहीत? मला वाटले होते, लोक पायऱ्या आणि रस्ता सांगतील. सर्वांत जास्त वेळा जे उत्तर मिळाले ते शौचालयाचे होते. कार्यक्रमाच्या ठिकाणी जाता येण्यासारखी जागा नसते, म्हणून सकाळपासून पाणी न पिता बसावे लागते, त्यापेक्षा घरी बरे, असे एका काकूंनी हलक्या आवाजात सांगितले. दुसरे उत्तर खुर्च्यांचे होते. पुढे सतरंज्या, मागे खुर्च्या अशी मांडणी असते, त्यामुळे ज्याला खुर्ची लागते तो आपोआप मागे जातो आणि त्याला काही दिसत नाही. तिसरे उत्तर वेळेचे. जागरण-गोंधळ रात्री उशिरा रंगतो आणि तोवर थकलेल्या माणसाला बसवत नाही, शिवाय परतीला गाडी नसते.

या तीन उत्तरांनी उत्सवाचा आराखडा ठरला. पैसे आणि परवानग्या नंतर आल्या. घरोघरच्या या फेऱ्या आधी झाल्या नसत्या, तर मी नाशिकमध्ये बसून ब्रेलमधील सुंदर निमंत्रणपत्रिका छापली असती. गावातल्या दोन्ही आजींना ब्रेल येत नव्हते. त्यांना हवा होता तो घरी येऊन वाचून दाखवणारा माणूस.

तारीख ठरवणे वाटले त्यापेक्षा बरेच कठीण गेले. मार्गशीर्षात सुरगाणा, कळवण, बागलाण भागातील कोकणा आदिवासी मंडळी डोंगऱ्या देवाच्या उत्सवात असतात, त्यामुळे पावरी हे त्यांचे फुंकून वाजवायचे वाद्य वाजवणारे त्या महिन्यात मिळत नाहीत आणि मागणे बरेही नाही. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते. आमचे अर्धे भजनी मंडळ दिंडीबरोबर पायी जाते. २०२४ मध्ये ती एकादशी ६ फेब्रुवारीला होती. बारावीची परीक्षा २१ फेब्रुवारीपासून होती आणि त्याच सुमारास द्राक्षांची काढणी जोरात येते. एवढी वजाबाकी करून ११ फेब्रुवारीचा रविवार हाती उरला. ज्यांना आपल्या भागात असे काही करायचे आहे त्यांनी दिनदर्शिकेबरोबर पीक आणि यात्रा यांचाही हिशेब आधी मांडावा.

दिवसाची वेळ ध्वनिप्रदूषण नियमांनी ठरवली. २००० सालच्या या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही, आणि ही बंदी वाद्यांनाही लागू आहे. रात्रभराचा गोंधळ दहाच्या आत आणि तोही तासाभरात कसा करायचा, यावर वणीकडच्या गोंधळी मंडळींशी बोलताना मला फार संकोच वाटत होता. त्यांच्यातल्या ज्येष्ठ तात्यांनी मात्र तो दूर केला. पूजेचा गोंधळ यजमानाच्या घरी, रात्रीच होईल. इथे आम्ही गाणे आणि वादन ऐकवू, आणि तसे लोकांना आधी सांगू, असे ते म्हणाले. त्यांच्या या स्पष्टतेमुळे पुढे सर्वच कलावंतांशी बोलताना मी आधी विचारू लागले, की यातले काय सर्वांसमोर ऐकवता येते आणि काय प्रसंगाशिवाय गात नाहीत.

२६ नोव्हेंबरला जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. आमच्या शिवारात घड लागलेल्या बागा एका संध्याकाळीत झोडपल्या गेल्या. त्यातून सावरण्याआधीच डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कांद्यावर निर्यातबंदी आली आणि भाव कोसळले. वर्गणी मागायला जायची आम्हाला लाज वाटू लागली. १० डिसेंबरला आम्ही बसून उत्सव पुढच्या वर्षावर ढकलावा का, यावर दोन तास बोललो. ज्यांची बाग गेली होती असे एक शेतकरी तिथे बसले होते. ते म्हणाले, यंदाच करा, घरात बसून नुसता बाजारभाव ऐकायचा कंटाळा आला आहे. आम्ही घरटी वर्गणीचा आकडा काढून टाकला आणि ज्याला जे जमेल ते, धान्य, दूध, ट्रॅक्टरची एक फेरी, असे मागायला सुरुवात केली. रोख वर्गणी १,२४,००० रुपये झाली. माहेरवाशिणींनी मोबाइलवरून ४१,००० रुपये जमवले. दूध संस्थेने २५,००० रुपये दिले.

मंच चार फुटांचा घ्यायचा, असे मंडपवाल्याने गृहीत धरले होते. रॅम्पचा सर्वमान्य उतार एकास बारा असतो, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. चार फुटांच्या मंचाला ४८ फुटांचा रॅम्प लागला असता, आणि त्याचे भाडे ऐकून आमचा धीर सुटला. वणीच्या त्या मंडळींतले संबळ वाजवणारे दादा लहानपणापासून कुबड्या वापरतात. त्यांना मी विचारले, की तुम्ही एरवी मंचावर कसे चढता. दोघे जण बखोट धरून चढवतात आणि मग निवेदक टाळ्या वाजवायला सांगतो, असे त्यांनी सांगितले. तोपर्यंत मी रॅम्पचा विचार ऐकणाऱ्यांसाठीच करत होते, वाजवणाऱ्याचा नाही, हे त्या दिवशी लक्षात आले. आम्ही मंच नऊ इंचांचा केला. त्याला अवघा नऊ फुटांचा रॅम्प पुरला, तो गावच्याच सुताराने लाकडी चौकट आणि प्लायवूड वापरून बनवला, आणि रस्त्यावर अंथरायच्या प्लायवूडसह सगळा खर्च ७,८०० रुपये आला. मंच खाली आल्यावर मागच्यांना दिसावे म्हणून मांडणी गोलाकार केली. पहिल्या रांगेत व्हीलचेअरसाठी सहा मोकळ्या जागा आणि त्यांच्या शेजारीच सोबतच्या माणसाची खुर्ची ठेवली, दोन्ही बाजूंना खुर्च्या आणि मधोमध सतरंज्या. भारूड, गोंधळ, वाघ्या-मुरळी हे सगळे मुळात अंगणात, लोकांच्या मधोमध उभे राहून सादर होणारे प्रकार आहेत, त्यामुळे कलावंतांपैकी कोणीही उंचीची तक्रार केली नाही.

३० डिसेंबरला आम्ही वणी-बोरगाव रस्त्याने सुरगाणा तालुक्यात गेलो. बरोबर सांकेतिक भाषेच्या दोन दुभाषी होत्या. दुभाषी दोन लागतात, हे मला आधी माहीत नव्हते. सलग हातवारे करून आणि ऐकून मेंदू आणि खांदे दोन्ही थकतात, म्हणून साधारण वीस मिनिटांनी त्या आळीपाळीने बदलतात. त्यांनी सर्व गाण्यांचा अर्थ तीन आठवडे आधी मागितला होता आणि इथेच घोडे अडले होते, कारण कोकणा गाणी कोणी लिहून ठेवलेली नव्हती. पावरी वाजवणाऱ्या बाबांच्या पडवीत आम्ही दिवसभर बसलो. पावरी दुधी भोपळ्याची आणि बांबूची, सांधे मेणाने बंद केलेले. बाबा नाकाने श्वास घेत घेत गालांत भरलेली हवा सोडत राहतात, त्यामुळे सूर मध्ये तुटत नाही. शेजारच्या घरातून थाळगान गाणारे आजोबा आले. त्यांनी काशाची थाळी जमिनीवर ठेवली, मधोमध मेणाचा गोळा दाबून त्यात एक बारीक काडी उभी केली आणि दोन्ही हातांच्या चिमटीने ती काडी वरून खाली ओढू लागले. थाळीतून जो घुमारा निघाला तो खोलीत नेमका कोठून येतो आहे, हे कळेना. त्या घुमाऱ्यावर ते धान्याची देवी कणसरी हिची कथा सांगत होते, त्यांचा नातू ती मराठीत सांगत होता आणि मी वहीत उतरवत होते. कणसरी हा शब्द हातांनी कसा दाखवायचा, यावर दोघी दुभाषींची बराच वेळ चर्चा झाली. नुसती देवी दाखवली तर धान्य हरवते आणि नुसते कणीस दाखवले तर देवी. शेवटी आजोबांनीच ओंजळ वर उचलून कपाळाला लावून दाखवली, आणि तीच खूण ठरली.

निघताना मानधनाचे बोलणे झाले. आठही पथकांना सारखेच, ९,००० रुपये, आणि प्रवासखर्च वेगळा, असे आम्ही ठरवले होते. गावातल्या ओव्या म्हणणाऱ्या बायका आम्हाला कशाला पैसे म्हणून अडून बसल्या होत्या, पण पावरीच्या बाबांना मिळणार आणि जात्यावरच्या ओवीला नाही, हे मला पटत नव्हते. सिन्नरकडून भीमगीते गाणारे पथक बोलावले होते. लोककवी वामनदादा कर्डक यांचे देशवंडी हे गाव सिन्नर तालुक्यातलेच, आणि त्या भागात ही परंपरा आजही जोमात आहे. त्यांनीही सर्वांना सारखे मानधन हे ऐकून आनंदाने होकार दिला. मानधन कार्यक्रम संपताच रोख द्यावे आणि पावती घ्यावी. गावाकडच्या कलावंताला धनादेश वटवण्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते.

आता परवानग्या. ३ जानेवारीला मुख्य अर्ज दिला. सोबत ग्रामपंचायतीचा ठराव, जागेचा ना हरकत दाखला, कार्यक्रमपत्रिका, अपेक्षित गर्दीचा अंदाज, ध्वनियंत्रणेचा तपशील, स्वयंसेवकांची यादी आणि हमीपत्र जोडले होते. नऊ दिवसांनी अर्ज परत आला, कारण जागेचा नकाशा नव्हता. नकाशा लागतो, हे अर्ज घेताना कोणीही सांगितले नव्हते, आणि विचारायला गेल्यावर संबंधित टेबलवरचे कर्मचारी रजेवर होते. त्या एका कागदासाठी मी नाशिकहून चार हेलपाटे घातले आणि दोन रजा खर्ची पडल्या. एक दिवस बसस्थानकावर मला अक्षरशः रडू आले. मात्र नकाशा काढायला बसलो आणि त्याचा मोठा फायदा झाला. कागदावर रुग्णवाहिकेचा रस्ता, दोन्ही प्रवेश, व्हीलचेअरची वाट, शौचालये, पाण्याच्या टाक्या, जनरेटर, अग्निशामक नळकांडी असे सगळे मापासह मांडले. आरोग्य उपकेंद्रापासून बाजारतळ किती दूर आहे, तेही लिहिले, कारण दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरू शकतो. पुढे प्रत्येक कामाला तोच नकाशा वापरला. नकाशा जोडून अर्ज पुन्हा दिला आणि परवानगीचे पत्र २ फेब्रुवारीला, म्हणजे उत्सवाला नऊ दिवस उरले असताना हाती आले. तोवर पत्रके छापायची नाहीत, असे आम्ही ठरवले होते, आणि तो धीर धरणे मला सर्वांत जड गेले.

तात्पुरत्या वीजजोडणीसाठी परवानाधारक वायरमनचा चाचणी अहवाल लागतो आणि अनामत रक्कम भरावी लागते. कामाला तीन आठवडे हाताशी ठेवावेत. जनरेटर तरीही घ्यावा. आणखी एक गोष्ट म्हणजे, मधल्या वेळात ध्वनिमुद्रित सिनेगीते लावायची असतील तर संगीत वाजवण्याचे वेगळे परवाने घ्यावे लागतात. आम्ही मधला वेळ रिकामाच ठेवला. दर तासाला पंधरा मिनिटांची ती शांतता पुढे अनेकांना आवडली.

पत्रकावर नेहमीच्या मजकुराबरोबर आम्ही मोठ्या अक्षरांत काही साध्या गोष्टी छापल्या होत्या. बसथांब्यापासून बाजारतळ किती पावलांवर आहे, वाटेत चढ आहे का, शौचालय कसे आहे, शेवटची एसटी किती वाजता आहे. महिलांना एसटीत निम्मे तिकीट आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास असल्यामुळे शेजारच्या गावांतून म्हातारी माणसे मोठ्या संख्येने येतील, असा आमचा अंदाज होता आणि तो बरोबर निघाला. प्रवेश सर्वांना मोफत होता. दिव्यांगत्वाचे ओळखपत्र कोणाकडेही मागायचे नाही, असे स्वयंसेवकांना बजावून सांगितले होते.

१० फेब्रुवारीला सायंकाळी फिरती शौचालये आली. दिव्यांगांसाठीचे म्हणून आगाऊ पैसे देऊन ठरवलेले शौचालय आतून प्रशस्त होते, पण त्याचे दार जमिनीपासून १४ इंच वर होते आणि पुढे दोन लोखंडी पायऱ्या होत्या. पुरवठादाराचे म्हणणे, सगळीकडे असेच असते. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. १४ इंचांना १४ फूट हा हिशेब आता सगळ्यांच्या तोंडी होता. रात्री नऊला एक ट्रॉली मुरूम आणि अर्धी ट्रॉली कच आली, मुलांनी वाळूच्या गोण्यांच्या दोन कडा रचल्या, मध्ये भराव टाकून धुमसाने ठोकला आणि रात्री एक वाजता आबांची रिकामी व्हीलचेअर वर-खाली फिरवून पाहिली. तुम्ही ठरवताना छायाचित्रावर विसंबू नका, दाराची रुंदी आणि जमिनीपासूनची उंची टेपने मोजून घ्या आणि पावतीवर लिहून घ्या.

उत्सवाच्या सकाळी दुसरी अडचण आली. धूळ उडू नये म्हणून टँकरने पाणी मारायला सांगितले होते, ते जास्त झाले आणि प्रवेशाजवळ चिखल झाला. साडेदहाला आलेल्या पहिल्याच व्हीलचेअरची पुढची लहान चाके त्यात रुतली. ढेकळांच्या जागी अंथरायला आणलेले प्लायवूडचे तुकडे तिकडे पळवले. अर्धा तास तिथे सगळ्यांची धावपळ झाली आणि त्या पाहुण्यांना उन्हात थांबावे लागले, याचे मला अजून वाईट वाटते. पाणी मारायचे तर आदल्या संध्याकाळी, तेही हलके.

त्यानंतरचा दिवस मात्र मनासारखा गेला. आमच्या मोजणीप्रमाणे दिवसभरात साडेआठशेच्या आसपास माणसे येऊन गेली. जेवणात नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि ठेचा होता, आणि ताट हातात धरून उभे राहणे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी दोन लांब टेबले होती. दुपारी एक ते दोन हा तास वाद्ये हाताळून पाहण्याचा होता. तो कलावंतांच्या संमतीने ठेवला होता आणि कोणत्या वाद्याला हात लावायचा नाही, हेही त्यांनीच सांगितले होते. दृष्टी गेलेल्या आमच्या शेजारच्या आजींनी संबळाच्या दोन्ही तोंडांवरून बोटे फिरवली, मग टोकाशी वळलेली काठी चाचपून पाहिली आणि ही वाकडी कशाला म्हणून विचारले. संबळवाल्या दादांनी त्यांच्या हातात काठी देऊन, वरून आपला हात धरून, धुमाच्या, म्हणजे मोठ्या तोंडाच्या, कातड्यावर तो खालचा घुमणारा आवाज काढून दाखवला. आजी म्हणाल्या, ऐंशी वर्षे ऐकते आहे, आज कळले.

ऐकू न येणाऱ्या तीन मुलांसाठी आम्ही दुभाषींच्या समोर जागा राखून ठेवली होती. ती मुले थोडा वेळ तिथे बसली आणि वाघ्या-मुरळीचे पथक सुरू झाल्यावर पुढे सरकून मंचाच्या कडेवर तळहात टेकून बसली. मंच लाकडी आणि बुटका असल्यामुळे पायांचा ठेका आणि ढोलकीची थाप फळ्यांतून थेट त्यांच्या हातांत येत होती. आमच्या आराखड्यात हे कोठेही नव्हते. संध्याकाळपर्यंत ती कड लहान मुलांनी भरून गेली, आणि पावरीच्या वेळी बाबांनी स्वतःच खुणावून आणखी दोघांना जवळ बसवले. गोंगाटाने घाबरणाऱ्या मुलासाठी मंडपापासून दूर, पडदे लावलेली एक खोली ठेवली होती. त्याची आई त्याला तीन वेळा तिथे घेऊन गेली आणि तीन वेळा परत घेऊन आली. कणसरीची कथा त्याने पूर्ण ऐकली, कदाचित थाळीचा आवाज संथ होता म्हणून.

साडेसहाला भजनी मंडळ बसले. आबांनी पखवाज वाजवला नाही, त्यांचा हात आता चालत नाही. ते रॅम्पवरून, कोणाचाही हात न धरता, उजव्या हाताने चाक आणि उजव्या पायाने जमीन रेटत वर गेले, मंडळाच्या डाव्या अंगाला आपल्या जुन्या जागी थांबले आणि पूर्ण तासभर चिपळी वाजवली.

१२ तारखेला सकाळी सात वाजल्यापासून आम्ही बाजारतळ झाडले. अनामत परत मिळण्यासाठी जागा स्वच्छ केल्याची छायाचित्रे लागतात, ती लगेच काढून ठेवावीत. एकूण खर्च २,१८,४०० रुपये झाला, जमा २,१०,००० रुपये होती. उरलेले ८,४०० रुपये आम्ही तिघांनी पदरमोड करून भागवले. वीजजोडणीची अनामत मार्चअखेर परत आली. पावत्यांसह सगळा हिशेब २५ फेब्रुवारीला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला. त्यावर एकच हरकत आली, की दुभाषींचे ९,००० रुपये तीन मुलांसाठी जास्त होतात. त्या तिघांपैकी एकीची आई तिथेच उभी होती. तिने सांगितले, की घरी गेल्यावर मुलीने तिला हातांनी कणसरीची गोष्ट सांगितली, आणि आजवर घरातली गोष्ट आईनेच मुलीला सांगायची असे चालत आले होते.

सुताराने बनवलेला तो नऊ फुटांचा रॅम्प तीन तुकड्यांत सुटा होतो. तो ग्रामपंचायतीच्या कोठारात ठेवला आहे आणि खिडकीजवळ एक वही टांगली आहे. ज्याला हवा त्याने नाव आणि तारीख लिहून न्यावा. मी मागच्या आठवड्यात पाहिले, तेव्हा वहीत सात नोंदी होत्या. त्यांतल्या चार लग्नाच्या मांडवांच्या, दोन दशक्रियेच्या आणि एक मतदानाच्या दिवसाची.